व्यास-वाल्मीकींनी न सांगितलेल्या गोष्टी आपल्याला पाठ कशा?

आडवाटेचा_वाटसरू

चार गोष्टी सांगतो. लक्ष्मणाने पर्णकुटीभोवती रेषा ओढली. अहल्येची शिळा झाली आणि रामाचा पाय लागताच ती पुन्हा माणसात आली. शबरीने एकेक बोर चाखून गोड तेवढीच रामाला दिली. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी खदखदून हसली आणि 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणाली.

मराठी घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही या चारही ठाऊक असतात. आणि चारही वाल्मीकी-व्यासांच्या संहितेत सापडत नाहीत.

वाल्मीकींचा लक्ष्मण सीतेचे बोल ऐकून, संतापून, वनदेवतांवर तिला सोपवून निघून जातो. रेषाबिषा काही नाही. तुलसीदासांच्या अरण्यकांडातही ती नाही, पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारते तेव्हा कुठे तिचा उल्लेख येतो. वाल्मीकींची शबरी रामासाठी रानातलं नाना प्रकारचं खाद्य जमवून ठेवते, पण ते उष्टं करत नाही. मयसभेत दुर्योधन पडतो तेव्हा हसणाऱ्यांत भीम आहे, अर्जुन आहे, नकुल-सहदेव आहेत. द्रौपदी तिथे नाहीच. नंतर घरी जाऊन बापापुढे रडगाणं गाताना दुर्योधन म्हणतो की द्रौपदीही बायकांसह मला हसली. म्हणजे आहे ती एवढी एका चिडलेल्या माणसाची साक्ष. 'आंधळ्याचा मुलगा' हे वाक्य तर त्याच्याही तोंडी नाही.

हे सगळं 'बघा, तुम्हाला खोटं शिकवलं' असं म्हणायला लिहीत नाहीये. मला उलटंच म्हणायचं आहे. पुराणकथा दोन-अडीच हजार वर्षं टिकल्या त्या पोथीतल्या शब्दांमुळे नव्हे, या भरींमुळे टिकल्या. आणि भर कुठेही पडत नाही. जिथे मूळ कथा ऐकणाऱ्याला टोचते, तिथेच ती पडते. कर्णावर अन्याय झाला, सीतेवर झाला, शबरीला एकाच सर्गात आटोपलं, मग लोकांनी आपल्या पदरचं घातलं. माझ्या मते हा श्रोत्यांनी नोंदवलेला निषेध आहे.

तुमच्याकडे अशा 'मुळात नसलेल्या' कोणत्या कथा चालतात ते लिहा. आणि माझं म्हणणं पटत नसेल तर तेही लिहा, पण 'आमच्या श्रद्धा दुखावल्या' एवढ्यावर धागा संपवू नका ही विनंती.

मोगरा_७२

वाचनखूण साठवली. माझ्याकडून एक. कृष्णाचं बोट कापलं, चिंधी हवी होती. सुभद्रेला शालू-पैठणी फाडवेना, द्रौपदीने मात्र अंगावरचा भरजरी पितांबर फाडून दिला. हेही व्यासांचं नाही. पण अत्र्यांच्या 'श्यामची आई' चित्रपटातल्या गाण्यामुळे (१९५३) हे मराठी माणसाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की राखीपौर्णिमेच्या भाषणात ते 'महाभारतातलं उदाहरण' म्हणूनच येतं. पाठची बहीण आणि मानलेली बहीण, यांत माया कोणाची खरी, हा आपल्या घराघरातला प्रश्न. तो कृष्णाच्या बोटावर बांधून टाकलाय झालं.

तर्कट_तात्या

आधी 'मूळ' म्हणजे काय ते ठरवा. व्यासांनी सही केलेली प्रत तुमच्या कपाटात आहे का?

पाठभेद

तात्या, प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या संशोधित आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू केलं आणि ते पुरं झालं १९६६ साली. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, प्रमुख संपादक होते. नंतर बेलवलकर, मग प. ल. वैद्य. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत एकूण १२५९ हस्तलिखितं गोळा करून पडताळली. कॉम्प्युटर नाही, काही नाही. प्रत्येक श्लोकासाठी एकेक तक्ता, आणि त्यात कुठल्या पोथीत कोणतं अक्षर वेगळं आहे ते हाताने मांडायचं.

कधी संधी मिळाली तर त्यातलं एखादं पान उघडून बघा. वर मोठ्या टायपात संहितेच्या ओळी, आणि त्यांच्याखाली बारीक टायपात पाठभेदांचा डोंगर. कित्येक पानांवर वरचा मजकूर चार बोटं आणि खालचा वीतभर. ताराचिन्ह लावलेल्या ओळी म्हणजे थोड्याच पोथ्यांत मिळालेल्या. लांबलचक प्रसंग असतील तर ते पार मागे परिशिष्टात. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ती कथा अशीच मागे गेली. कर्ण धनुष्य उचलायला उठला आणि द्रौपदी 'मी सूताला वरणार नाही' म्हणाली, तेही तळटीपेत.

पण एक लक्षात घ्या. सुकथनकरांनी हे व्यासांचं मूळ महाभारत असा दावा कधीच केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधाराने मागे मागे जाता येईल तितकं जाऊन मिळालेला पाठ, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यामुळे 'मुळात नाही' याचा अर्थ 'या पाठात नाही' इतकाच घ्यायचा.

आणि गंमत अशी की भर आणि मूळ यांच्यात कुंपण असं नसतंच. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भाग संशोधित पाठात नाही. वस्त्रं येत राहतात, ती कोण पुरवतो ते सांगितलेलंच नाही. पण पुढे उद्योगपर्वात कृष्ण स्वतः म्हणतो की मी दूर असताना कृष्णेने (म्हणजे द्रौपदीने) 'गोविंदा' म्हणून हाक मारली, ते ऋण माझ्या मनातून जात नाही. हे मात्र पाठात आहे! म्हणजे धावा कुणी मागाहून घातला असेल तर त्याने तो हवेतून आणलेला नाही. मजकुरातच त्याला फट सापडली.

कर्णभक्त

तळटीपेत टाका नाहीतर गटारात टाका, कर्णावर अन्याय झाला तो झालाच. 'मृत्युंजय' वाचून दोन रात्री झोपलो नव्हतो.

तर्कट_तात्या

कर्ण आला. आता धागा शंभरी गाठणार.

भक्तराज, ज्या पाठात द्रौपदी कर्णाला सूत म्हणून हिणवत नाही, त्याच पाठात कर्ण भरसभेत द्रौपदीला 'बंधकी' म्हणतो, म्हणजे वेश्या. आणि पांडवांची व तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा तोच. हे तळटीपेत नाही, वर मोठ्या टायपात आहे. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये कर्णाला फार माया दाखवली नाही ती उगीच नाही. १९६७ हे साल मोठं मजेदार: 'युगान्त' आणि 'मृत्युंजय' दोन्ही त्याच वर्षी आली. एकाच वर्षी मराठी वाचकाच्या हातात दोन कर्ण पडले. त्याने कोणता उचलला ते तुम्हाला माहीत आहेच.

कर्णभक्त

रडणारा उचलला. बरं केलं.

आडवाटेचा_वाटसरू

कर्णभक्त विनोदात बोलून गेले, पण मुद्दा तोच आहे. साठच्या दशकातल्या मराठी वाचकाला जन्मामुळे अडवला गेलेला गुणी माणूस हवा होता. स्वयंवरातला अपमान नसता तर तो कुणीतरी पुन्हा नव्याने रचला असता. खांडेकरांनी त्याआधीच 'ययाति'त (१९५९) हेच केलं होतं. आदिपर्वातल्या एका उपाख्यानातला राजा घेऊन त्याच्या भोगाच्या हव्यासात आपला काळ बसवला. त्यांचा कच मूळ कचापेक्षा कितीतरी मोठा आहे. खांडेकरांना पुढे ज्ञानपीठ मिळालं तेव्हा तोंडी नाव त्याच कादंबरीचं होतं.

प्राचीताई

वाटसरू, लेख छान, पण तुमचा 'श्रोत्यांचा निषेध' मला अर्धाच पटला.

तुमच्याच चार उदाहरणांकडे बघा. लक्ष्मणरेषा आल्यामुळे काय झालं? वाल्मीकींकडे सीतेचं अपहरण हा रावणाचा गुन्हा होता. रेषा आली आणि तो सीतेचा प्रमाद झाला. तिला सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही. आजही मुलीला उशीर झाला की घरात 'लक्ष्मणरेषा' हाच शब्द निघतो. द्रौपदीच्या तोंडी 'आंधळ्याचा मुलगा' घातलं आणि अठरा अक्षौहिणींचं खापर एका बाईच्या हसण्यावर फुटलं. १९८८ साली दूरदर्शनवर मालिका आली आणि होता नव्हता तो संशयही संपला. हा कसला निषेध? ही तर सारवासारव!

अहल्येचं तर फारच बोलकं आहे. वाल्मीकींच्या अहल्येला गौतम शाप देतात तो असा: वारा खाऊन, राखेत पडून, कुणाला न दिसता या आश्रमात तप करत राहा. दगड नाही. आणि राम-लक्ष्मण येतात तेव्हा ते दोघे तिच्या पायांना हात लावून नमस्कार करतात. परत वाचा हवं तर. राम तिच्या पाया पडतो. कालिदासाच्या रघुवंशात पोचेपर्यंत ती शिळा झालेली आहे. पुढे भक्तिपरंपरेने रामाचे चरण त्या शिळेवर ठेवले. कोण कुणाच्या पाया पडतं तेच उलटं झालं आणि चित्रं, कॅलेंडरं, कीर्तनं सगळी त्या उलट्या बाजूने निघाली. भर घालणारे कोण होते ते विचारायला नको का?

मोगरा_७२

प्राचीताई, अंगावर काटा आला. रामायण घरात दोनदा पारायण करून वाचलंय, हे कधी नजरेतच आलं नाही.

आडवाटेचा_वाटसरू

प्राचीताईंचा शेवटचा प्रश्न माझ्या मांडणीत घेतो. भर कुणी घातली त्याप्रमाणे ती कुठल्या बाजूला झुकते. व्यासपीठावर बसलेल्या पुराणिकाची भर एक, जात्यावर बसलेल्या बाईची दुसरी. तुम्हाला जात्यावरची सीता ठाऊक असेल तर लिहा ना.

प्राचीताई

ठाऊक आहे, लिहिते.

गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यात सीतेच्या ओव्या रग्गड आहेत आणि त्यात राम बराचसा नवऱ्यासारखा नवरा आहे, देव कमी. लोकगीतांतली एक कथा बघा. वनवासाहून परत आल्यावर कैकेयी सीतेला म्हणते, रावण दिसायला कसा होता ते काढून दाखव. सीता म्हणते, मी मान वर करून पाहिलंच नाही, फक्त पायाचा अंगठा दिसला. बरं, अंगठा काढ. सीता भिंतीवर अंगठा काढते. ती वळताच कैकेयी वरचा सगळा रावण पुरा करते आणि रामाला बोलावून दाखवते. झालं, सीतेचा त्याग.

परटाच्या बोलण्यावरून बायको टाकणारा राजा जात्यावरच्या बायकांना कळत नव्हता. सासू, चुगली आणि कान भरले गेलेला नवरा मात्र नीट कळत होता. त्यांनी राजधर्माची भानगड बाजूला सारून गोष्ट आपल्या ओसरीवर आणली. यात रामाला सूट मिळाली असं म्हणाल, पण मला नाही वाटत. अंगठ्याच्या चित्रावरून घराबाहेर काढणारा माणूस जास्तच लहान दिसतो.

राळेगावकर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी म्हून गाव हाये. तेथं सीतेचं मंदिर हाये, एकट्या सीतेचं. राम नाही, लक्ष्मण नाही. गोष्ट अशी सांगतात का रामानं टाकून देल्यावर सीता तेथं आली, लव-कुश तेथंच झाले. बाळंतीण बाई घरोघर पसाभर गहू मांगत फिरली. कोणी देल्ले नाही. मंग तिनं शाप देल्ला का या गावात गहू पिकणार नाही. म्हातारे सांगतात का लय वर्सं गावात गव्हाचा पेराच नव्हता.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी खटपट केली. जमीन बायकोच्या नावावर करा म्हणणारी लक्ष्मीमुक्तीची मोहीमही त्याह्यचीच. देव-धर्म करणारा माणूस नोयता तो. पण टाकलेल्या बाईचं देऊळ त्याले बरोबर सापडलं. तुमच्या पोथीत हे कुठं बसते ते तुमी पाहा, पाठभेदभाऊ.

पाठभेद

राळेगावकर, कुठेच बसत नाही आणि बसू पण नये. सीतेने रामाला शाप दिल्याचं कुणी सांगत नाही, गावाला दिल्याचं सांगतात. दाराशी आलेल्या बाळंतिणीला पसाभर गहू न देणाऱ्या शेजाऱ्यांना. वाल्मीकींनी न विचारलेला प्रश्न आहे हा.

कुडाळचो_झिल

गाववाल्यानु, पोथी पोथी काय करतास? आमच्या दशावतारात लिवलेली संहिता नसताच. जत्रेदिवशी रंगपटात बसान आज खयचा आख्यान, कोण कसली भूमिका करतलो ता ठरता, आणि मगे जो तो आपलो संवाद आपणच जुळयता. पेटी, मृदंग, झांज, बस. रात्रभर खेळ, पहाटे दहीकालो.

आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाच्या आधीच्या भागात, संकासूर येता. ब्रह्मदेवाचे वेद चोरलेलो राक्षस तो, विष्णूच्या हातान मरतलो. काळो झगो, काळो मुखवटो, लोंबणारी लाल जीभ. बाकीचे देव शुद्ध पुस्तकी मराठीत बोलतत, ह्यो एकटो मालवणीत. भटाची फिरकी घेता, समोर बसलेल्या गावकऱ्यांची घेता. पोरांका देव लक्षात ऱ्हवणत नाय, संकासूर ऱ्हवता. वेद चोरणाऱ्याच्या तोंडात आमची भाषा घातली आमीच, आणि सगळ्यात जास्त हशे त्याकाच मिळतत. ह्या निषेधात मोडता काय सारवासारवीत, ता तुमी ठरवा.

नाटकवेडा

झिलबुवा, जबरी! मराठी रंगभूमी सुरू झाली तीही अशीच. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', सांगली, १८४३. त्याच्या कितीतरी आधी तंजावरच्या भोसल्यांनी मराठीत पौराणिक नाटकं लिहिली होती, पण ते दुसऱ्या धाग्यात भांडू.

मला कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'बद्दल लिहायचं आहे, कारण इथे कथेत फारशी भर घालायची गरजच पडली नाही. नाटक १९०७ चं. विराटाच्या दरबारात सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यामागे लागलेला माजोर कीचक, 'थोडं सबुरीने घे' म्हणणारा धर्मराज आणि दात-ओठ खाणारा भीम. प्रेक्षकाने तिकीट काढून बसायचं आणि आपल्या मनाशी नावं लावायची: सैरंध्री म्हणजे देश, कीचक म्हणजे कर्झन, धर्मराज मवाळ, भीम जहाल. खाडिलकर 'केसरी'तले, टिळकांच्या जवळचे. सरकारच्या लक्षात यायला तीनेक वर्षं लागली. १९१० साली नाटकावर बंदी आली.

आता सरकारची पंचाईत बघा. आक्षेप घ्यायचा कशावर? विराटपर्वावर? पडद्यावर नाव विराटनगरीचं, पोशाख पौराणिक. कर्झनचं नाव नाटकात नाही. प्रत्येक प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक आहे, आणि त्या शेवटासाठीच तो आलाय. नवीन कथा लिहिली असती तर पहिल्याच अंकात सापडली असती. एवढी तयार, सगळ्यांना पाठ असलेली सांकेतिक भाषा दुसरी कुठली मिळणार होती?

तर्कट_तात्या

हे मान्य. पण हेच हत्यार कुणाच्याही हाती पडतं हेही लिहा. निवडणुकीत प्रत्येक पक्षाचा उमेदवार अर्जुन असतो आणि प्रत्येकाचा विरोधक कौरव. शकुनीमामा तर दर तालुक्याला एक.

गंगापूर_रोड

नाशिककर आहे, त्यामुळे पंचवटीबद्दल लिहीन असं वाटलं असेल. नाही लिहीत. पांडवलेण्यांबद्दल लिहितो.

ही लेणी बौद्धांची, त्रिरश्मी डोंगरातली. पांडवांचा काही संबंध नाही. पण महाराष्ट्रात डोंगरात कुणी काही कोरलेलं दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलं हे ठरलेलं. शाळेच्या सहलीत आम्हाला कोणत्या खोलीत भीम झोपायचा तेही दाखवलं होतं.

तर गंमत पुढे आहे. तिथल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, प्राकृतातला लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. लेणं दान दिलंय बौद्ध भिक्षूंना. आणि त्यात ती आपल्या गेलेल्या मुलाचं वर्णन काय करते? राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा पराक्रमी! पुढे नहुष, जनमेजय, सगर, ययाति यांचीही नावं येतात.

म्हणजे लोकांनी भीमाला त्या डोंगरात नंतर नेऊन बसवलं असं आपण म्हणतो, पण त्याचं नाव तिथे भिंतीवर पहिल्यापासूनच होतं, आणि ते लिहवून घेतलं होतं बौद्ध संघाला दान देणाऱ्या एका राजमातेने. लेखातली अक्षरं वाचता येईनाशी झाल्यावरही शेकडो वर्षं लोक तिथे भीमाचंच नाव घेत होते. याचा त्याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, योगायोगच असणार. पण असला योगायोग मला फार आवडतो.

मोगरा_७२

गंगापूर रोड, पुढच्या वेळी नाशिकला आले की तीन क्रमांकच आधी बघणार.

कर्णभक्त गप्प झालेत म्हणून त्यांच्यासाठी एक आणलंय. जांभूळ आख्यान. विठ्ठल उमपांचं रंगमंचावर पाहिलंय कुणी? गोंधळी परंपरेतली कथा. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येतं, पाच आहेत तसा हा सहावा असता तर! कृष्णाला ते कळतं. पुढे रानात एका ऋषीच्या झाडाचं एकुलतं एक जांभूळ पांडवांकडून तोडलं जातं. ऋषी येऊन शाप देणार, त्याच्या आत ते परत देठाला लागलं पाहिजे. उपाय एकच, प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं. एकेक पांडव बोलतो, जांभूळ थोडं वर चढतं. द्रौपदी बोलते तेव्हा ते चढत नाही. शेवटी तिला कर्णाचं नाव घ्यावं लागतं, पाचही नवऱ्यांसमोर, आणि मगच जांभूळ देठाला लागतं. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण हा गाभा.

प्राचीताई

मोगरा, ही कथा मी मुद्दाम राखून ठेवली होती, तू आधी लिहिलीस. आता मला सांगा, ही कोणत्या खात्यात घालायची? पतिव्रतेला भर रानात कबुलीजबाब द्यायला लावला म्हणून सारवासारवीत? की पाच जणांत वाटलेल्या बाईलाही स्वतःची अशी एक आवड होती, आणि ती बोलल्याशिवाय जग जाग्यावर येत नाही असं गोंधळ्याने चारचौघांत म्हटलं म्हणून निषेधात? उमपांच्या आवाजात ऐकताना मला दुसरं वाटलं होतं. घरी येऊन विचार केला तर पहिलं.

आडवाटेचा_वाटसरू

दोन्ही खात्यांत घाला. सांगणारा कुठे थांबतो त्यावर आहे. जांभूळ देठाला लागल्यावर पांडवांचे चेहरे कसे झाले ते जो सांगतो त्याची कथा एक, आणि द्रौपदीला हलकं वाटलं हे जो सांगतो त्याची दुसरी.

कर्णभक्त

गप्प नव्हतो, जेवत होतो. म्हणजे स्वयंवरातला अपमान तळटीपेत, आणि प्रेम गोंधळ्यांच्या तोंडी. तात्या, हिशेब माझ्या बाजूने लागलाय, लेखी द्या.

तर्कट_तात्या

बंधकीचं काय करायचं ते आधी सांगा, मग देतो.